मालावरील खूण : ‘टीएम’ आणि वर्तुळांतील ‘आर’

आमच्या सेलू तालुक्यांतील कांहीं शेतकरी मंडळींनीं एकत्र येऊन घाण्याचें करडईतेल काढण्यास आरंभ केला. माल चोख होता. बाटलीवर बैलाच्या मुखाचें चित्र व त्याखालीं नांव अशी खूण ठरली. लेबल जुळवितांना छापखान्यांत चित्राच्या कोपऱ्यांत वर्तुळांतील ‘आर’ हें इंग्रजी अक्षर शोभेकरितां बसविण्यांत आलें, आणि मोठ्या कंपन्यांच्या मालावर तें असतेंच म्हणून कोणासहि वावगें वाटलें नाहीं. पांच हजार लेबलें छापून झाल्यावर एका जाणत्या व्यापाऱ्यानें नोंदणीचा दाखला मागितला. मंडळींजवळ अर्जाच्या पावतीखेरीज दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें. सर्व लेबलें बाद करावीं लागलीं. तरी माल बाजारांत जाण्यापूर्वीं चूक उमगली हें भाग्यच म्हणावयाचें. असा प्रसंग इतरांवर येऊं नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दफ्तरांत गेलें. तेव्हां जमिनीच्या उदाहरणानेंच हा विषय उकलणें त्यास सोपें. जमिनीच्या बाबतींत वहिवाट एक, फेरफाराचा अर्ज दुसरा, आणि प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर चढलेली नोंद तिसरी. व्यापारी खुणेचेंहि असेंच आहे. ‘टीएम’ हीं दोन अक्षरें इतकेंच सांगतात कीं, ‘ही खूण आमची आहे असें आम्ही म्हणतों’. तीं लावण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. अर्ज केलेला असो वा नसो, चालतें. वाहतूक, शिकवणी वगैरे सेवांच्या खुणेस कोणी ‘एसएम’ लावतात, त्याचाहि अर्थ हाच. वर्तुळांतील ‘आर’ मात्र प्रमाणित नोंदीसारखा आहे. खूण सरकारी नोंदवहींत चढून दाखला हातीं आल्यावरच तो लावावा. अर्ज दाखल झाला म्हणजे नोंद झाली, ही समजूत फेरफाराच्या बाबतींत जशी खोटी, तशीच येथेंहि खोटी.

याविषयींचा सध्यांचा कायदा १९९९ सालचा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलांत आहे. त्याच्या १०७ व्या कलमाप्रमाणें नोंद नसलेली खूण नोंदलेली आहे असें भासविणें हा दोष आहे. आणि ‘नोंदणीकृत’ हा शब्द किंवा तसा अर्थ दाखविणारें चिन्ह वापरणें म्हणजेच तसें भासविणें होय. पूर्वीं यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानें कैद काढून पैशाची शास्ती ठेविली. पण दोष तो दोषच राहिला.

याच कलमांतील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. खूण ज्या मालासाठीं नोंदली, त्याच मालावर ‘आर’ शोभतो. नोंदणीसाठीं माल व सेवा यांचे ४५ वर्ग केलेले आहेत. खाद्यतेल २९ व्या वर्गांत, हळदपूड व मसाले ३० व्यांत, धान्य व बियाणें ३१ व्यांत येतें. तेलाच्या नोंदीचा ‘आर’ बियाण्याच्या पिशवीवर छापणें म्हणजे एका गटाचा उतारा दुसऱ्या गटास दाखविणें होय. तसेंच नोंद या देशापुरती असते. परदेशीं माल धाडावयाचा तर तेथील नोंद पाहूनच चिन्ह ठेवावें.

नोंदणीचा मार्ग असा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात. व्यक्ति, नवोद्योग व लघुउद्योग यांस संगणकावरून अर्ज केल्यास दर वर्गास ४,५०० रुपये फी आहे, इतरांस ९,०००. अर्जाची तपासणी होते. आक्षेप निघाल्यास उत्तर द्यावें लागतें. नंतर खूण सरकारी पत्रिकेंत प्रसिद्ध होते व चार महिन्यांच्या आंत कोणासहि हरकत घेतां येते. हरकत न आल्यास अगर ती फेटाळली गेल्यास दाखला मिळतो. नोंद अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षें चालते व पुढें दर दहा वर्षांनीं नवी करतां येते. ती नवी न केल्यामुळें नोंदवहींतून निघाली, तर ‘आर’हि काढला पाहिजे.

खूण निवडतांनाच विचार करावा. ‘शुद्ध तेल’, ‘गावरान हळद’ असे मालाचें वर्णन करणारे शब्द, अथवा नुसतें गांवाचें नांव, यांवर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाहीं. जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केशर आंबा अशा प्रदेशाच्या नांवांसाठीं भौगोलिक मानांकनाचा निराळा कायदा आहे. तेथें हक्क त्या प्रदेशांतील उत्पादकांचा असतो, आणि तें नांव वापरूं इच्छिणाऱ्यानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी.

नांवाची किंमत केवढी असते, हें नांगरामुळें घरोघर पोंचलेल्या एका नांवावरून दिसतें. १९१० सालीं वसलेल्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आपल्या वाडवडिलांनीं धरला. पुढें त्या नांवाच्या खुणा जपण्यासाठीं स्वतंत्र कंपनी झाली, आणि दुसऱ्यांनीं तें नांव आपल्या कंपन्यांस लावलें तेव्हां तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथेंहि मनाईहुकूम टिकला.

नोंद नसली म्हणून माणूस अगदींच उघडा पडतो असें नाहीं. आपला माल म्हणून दुसऱ्याचा माल खपविणाऱ्याविरुद्ध नोंदीवांचूनहि दावा चालतो, व जुन्या प्रामाणिक वापरास कायदा मान देतो. पण तेथें वहिवाट पुराव्यानें शाबीत करावी लागते. याकरितां पहिल्या विक्रीपासूनच्या पावत्या, छापखान्याचीं बिलें व लेबलांचे नमुने तारीखवार जपून ठेवावे. नोंद असली म्हणजे पुराव्याचा पुष्कळ भार हलका होतो.

चिन्ह लावलेंच पाहिजे अशी सक्ति नाहीं. तें कोठें व केवढें असावें, हेंहि कायद्यानें ठरविलेलें नाहीं. खुणेच्या उजव्या कोपऱ्यांत लहानसें लावण्याचा प्रघात आहे. आमच्या तेलवाल्या मंडळींनीं आतां नव्या लेबलांवर ‘टीएम’ छापलें आहे. दाखला येईल तेव्हां ‘आर’ येईल. जें आपल्या दफ्तरीं आहे तेंच मालावर लिहावें. गिऱ्हाइकाचा विश्वास हीच खरी मिळकत, आणि तिला फेरफाराची गरज लागत नाहीं.