रेल्वे स्थानकांवरील कर्मचारीकपात आणि दिव्यांगांचे हक्क

रेल्वे स्थानकांवरील कर्मचारीकपात म्हणजे तिकीट खिडक्या, चौकशी कक्ष, फलाट, पादचारी पूल व हमाली यांच्याशी संबंधित मनुष्यबळ कमी करणे, पदे दीर्घकाळ रिक्त ठेवणे किंवा ती कामे कंत्राटदार, प्रतिनिधी व यंत्रे यांच्याकडे सोपवणे होय. तिचा परिणाम सर्वच प्रवाशांवर होतो. परंतु ज्या प्रवाशांचा प्रवास दुसऱ्या व्यक्तीच्या साहाय्यावर अवलंबून असतो, अशा दिव्यांग प्रवाशांवर तो अधिक तीव्रतेने होतो. याच पदांवर दिव्यांग कर्मचारीही काम करत असल्याने हा विषय प्रवासी सुविधेपुरता मर्यादित राहत नाही. रोजगारातील समानतेशीही त्याचा थेट संबंध आहे.

पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. हे प्रमाण एकूण लोकसंख्येच्या २.२१ टक्के होते. महाराष्ट्रात ही संख्या २९.६३ लाख होती. त्या जनगणनेत दिव्यांगत्वाचे आठ प्रकार मोजले गेले. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने २१ प्रकारांना मान्यता दिली. वृद्ध, गर्भवती स्त्रिया, तात्पुरत्या दुखापतीने जायबंदी झालेले व आजारी प्रवासी या आकडेवारीत येत नाहीत. मात्र स्थानकावर त्यांनाही बहुधा त्याच प्रकारच्या मदतीची गरज भासते.

भारतीय रेल्वेत १९९०-९१ मध्ये सुमारे साडेसोळा लाख कर्मचारी होते. २०२० च्या सुमारास ही संख्या साडेबारा लाखांच्या आसपास आली. याच काळात प्रवासी वाहतूक मात्र वाढली. २ जुलै २०२० रोजी रेल्वे मंडळाने सुरक्षेशी संबंधित पदे वगळता नवीन पदनिर्मिती थांबवण्याचे आणि निम्मी रिक्त पदे परत करण्याचे निर्देश विभागीय रेल्वेंना दिले. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार तीन लाखांहून अधिक अराजपत्रित पदे रिक्त होती. त्यानंतर भरतीच्या जाहिराती निघाल्या. २०२४ मध्ये बिगर तांत्रिक लोकप्रिय प्रवर्गातील ११,५५८ पदांची अधिसूचना निघाली, तीत तिकीट लिपिकांच्या पदांचाही समावेश होता.

कपातीचे स्वरूप

भारतात स्थानकांवरील मनुष्यबळ एखाद्या घोषणेने एकाएकी कमी झालेले नाही. ते निरनिराळ्या वाटांनी हळूहळू घटत गेले.

तिकीट विक्री: ऑगस्ट २००२ मध्ये संकेतस्थळावरून आरक्षण सुरू झाल्यानंतर आरक्षित तिकिटांचा मोठा भाग खिडकीबाहेर गेला. अनारक्षित तिकिटांसाठी स्वयंचलित यंत्रे व मोबाइल अ‍ॅप आले. अनेक ठिकाणी या यंत्रांवर निवृत्त रेल्वे कर्मचारी कमिशनच्या तत्त्वावर तिकिटे काढून देतात. ‘जनसाधारण तिकीट बुकिंग सेवक’ स्थानकाबाहेर तिकिटे विकतात, तर लहान स्थानकांवर व थांब्यांवर हे काम कमिशनवरील प्रतिनिधींकडे दिले जाते.

हमाल: २००८ मध्ये परवानाधारक हमालांना रेल्वेत गँगमन व तत्सम पदांवर सामावून घेण्याची योजना जाहीर झाली. या योजनेने हमालांना नियमित वेतन मिळाले. स्थानकांवर मात्र ओझे उचलणारे व चाकाची खुर्ची ढकलणारे हात कमी झाले. २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात हमालांना ‘सहायक’ म्हणण्याची घोषणा झाली.

कंत्राटी सेवा: स्वच्छता, बॅटरीवरील गाड्या, वाहनतळ, उद्वाहनांची देखभाल इत्यादी कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे आहेत. कंत्राटाची मुदत संपली किंवा सेवा परवडेनाशी झाली, की ती खंडित होण्याची शक्यता असते.

दिव्यांग प्रवाशांवरील परिणाम

रेल्वेने स्थानकांसाठी निश्चित केलेल्या अल्पकालीन सुविधांमध्ये प्रवेशद्वाराशी उतार, वाहनतळात राखीव जागा, न घसरणारा मार्ग, सूचनाफलक, पाण्याचा किमान एक सुलभ नळ, किमान एक सुलभ प्रसाधनगृह आणि मदत कक्ष यांचा समावेश होतो. यांतील पहिल्या सहा गोष्टी एकदा बांधल्या की टिकतात. शेवटची गोष्ट केवळ माणूस उपस्थित असेल तरच अस्तित्वात असते. मदत कक्षाच्या रिकाम्या खुर्चीची नोंद बांधकामाच्या अहवालात होत नाही.

गाडीत चढणे: भारतातील उंच फलाटांची उंची रुळाच्या पातळीपासून साधारणतः ७६० ते ८४० मि.मी. असते, तर लांब पल्ल्याच्या डब्याची जमीन त्याहून बरीच वर असते. त्यामुळे दारातील पायऱ्या चढाव्या लागतात व चाकाची खुर्ची फलाटावरून थेट डब्यात नेता येत नाही. हलता उतार लावणे किंवा प्रवाशाला उचलून घेणे, हे दोनच पर्याय उरतात आणि दोन्हींसाठी माणसे लागतात. मधल्या स्थानकांवर गाडी एक-दोन मिनिटेच थांबत असल्याने मदत आधीपासून तयार असावी लागते.

फलाट ओलांडणे: उद्वाहन नसलेल्या स्थानकांवर फलाटांच्या टोकाशी असलेल्या, सामानाच्या ढकलगाड्यांसाठीच्या मार्गाने चाकाची खुर्ची पलीकडे नेली जाते. हा मार्ग रूळ ओलांडतो. म्हणून तेथून रेल्वे कर्मचाऱ्याच्या सोबतीनेच जाणे अपेक्षित असते. परवानगीशिवाय रूळ ओलांडणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. कर्मचारी नसल्यास प्रवाशासमोर कायदा मोडणे किंवा गाडी सोडून देणे एवढेच मार्ग राहतात.

माहिती: ऐन वेळी फलाट बदलल्याची घोषणा कर्णबधिर प्रवाशापर्यंत पोहोचत नाही आणि फलकावर दिसणारा बदल अंध प्रवाशाला समजत नाही. स्पर्शपटलाचे तिकीट यंत्र ध्वनिसूचनेशिवाय अंध व्यक्तीस निरुपयोगी ठरते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीस यंत्रावरील अनेक टप्प्यांपेक्षा समोरच्या माणसाशी बोलणे सोपे जाते. मुंबई उपनगरी रेल्वेवर दिव्यांग डबा जेथे थांबतो तेथे ध्वनिसंकेत देणारी उपकरणे बसवली गेली. अंध प्रवाशांना डब्याची जागा कळण्यास त्यांचा उपयोग होतो; मात्र डब्यात जागा मिळेलच, याची हमी उपकरण देऊ शकत नाही.

राखीव डबा: दिव्यांग डब्यात इतरांनी प्रवेश करणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १५५ खाली दंडनीय अपराध आहे. या तरतुदीची अंमलबजावणी रेल्वे सुरक्षा दल व तिकीट तपासनीस यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीवर अवलंबून असते.

सवलत: मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक भाडेसवलती स्थगित केल्या, तेव्हा दिव्यांगांच्या चार प्रवर्गांची सवलत कायम ठेवली. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग प्रवासी, पूर्णतः अंध व बौद्धिक दिव्यांग यांना द्वितीय, शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत ७५ टक्के सवलत मिळते. सोबत्यालाही ती लागू असते. स्थानकावर मदत मिळणार नसेल, तर एकट्याने प्रवास करू शकणाऱ्या दिव्यांगालाही सोबती घ्यावा लागतो. त्या सोबत्याचा बुडालेला रोजगार सवलतीने भरून निघत नाही.

रोजगारातील समानता

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले होते. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३४ ने ते किमान ४ टक्के केले. आरक्षणाचा लाभ प्रत्यक्ष भरतीतून मिळतो. पदे रिक्त राहिली किंवा परत केली गेली, तर टक्केवारी कायम राहूनही संधी घटते. तिकीट लिपिक, चौकशी लिपिक, उद्घोषक यांसारखी स्थानकावरील बैठी कामे अनेक दिव्यांग उमेदवारांना करता येण्याजोगी असतात. त्यामुळे या पदांतील घट त्यांना अधिक जाणवते.

काम कंत्राटदाराकडे गेल्यावर कायद्याचे स्वरूपही बदलते. कलम ३४ चे बंधन शासकीय आस्थापनांवर आहे. खासगी नियोक्त्यांसाठी कलम ३५ मध्ये मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून प्रोत्साहनाची तरतूद आहे. म्हणजेच काम तेच राहते. पण सक्तीच्या जागी प्रोत्साहन येते. कमिशनवर तिकिटे विकणाऱ्या प्रतिनिधीला तर नियमित वेतन व सेवासंरक्षणही नसते.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न रेल्वेत विशेष महत्त्वाचा आहे. गाडी चालवणे, रुळांची देखभाल व शंटिंग ही जोखमीची कामे आहेत. दृष्टी किंवा अवयव गमावलेला कर्मचारी वैद्यकीय तपासणीत मूळ पदासाठी अपात्र ठरतो. अशा कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. त्याला समान वेतनश्रेणीचे दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. ही तरतूद पूर्वी १९९५ च्या अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये होती व आता २०१६ च्या अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग वि. भारत सरकार (२००३) या खटल्यात ती बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. तिकीट खिडकी व चौकशी कक्ष ही अशा कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याची स्वाभाविक ठिकाणे आहेत. ती बंद झाली, की कायद्याने नोकरी टिकते. परंतु करण्यासारखे काम उरत नाही.

स्त्रियांच्या रोजगाराच्या संदर्भात मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाचे उदाहरण दिले जाते. जुलै २०१७ पासून हे स्थानक पूर्णतः महिला कर्मचाऱ्यांकडून चालवले जाऊ लागले. स्थानकांवरील पदे नव्या समाजघटकांना रेल्वेसेवेत प्रवेश देणारी ठरू शकतात, हे या प्रयोगातून दिसले.

मलकापूर परिसरातील स्थिती

कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील नगरपरिषदेचे गाव आहे. येथे रेल्वे स्थानक नाही. मध्य रेल्वेच्या भुसावळ–नागपूर मार्गावरील मलकापूर स्थानक बुलढाणा जिल्ह्यात आहे. शाहूवाडी तालुक्यातील प्रवाशाला रेल्वेसाठी चाळीस किलोमीटरहून अधिक अंतर पार करून कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला यावे लागते. मिरज–कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. आज तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे.

अशा प्रवाशाचा रेल्वेप्रवास एस.टी.च्या पायरीपासून सुरू होतो. राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये दिव्यांगांना ७५ टक्के भाडेसवलत आहे. पण बस, बसस्थानकापासून रेल्वे स्थानकापर्यंतची रिक्षा, स्थानकाचे प्रवेशद्वार, फलाट आणि डबा या साखळीतील एक कडी तुटली तरी संपूर्ण प्रवास मोडतो. शहरातील प्रवासी मदत न मिळाल्यास घरी परतून दुसऱ्या दिवशी येऊ शकतो. घाटमाथ्यावरच्या गावातून आलेल्या प्रवाशाला रात्री परतीची बस मिळेलच असे नाही. मुंबई–पुण्यातील रुग्णालयाची ठरलेली वेळ किंवा नोकरीची परीक्षा अशा वेळी हुकते.

टर्मिनसवर गाडी सुटण्यापूर्वी काही काळ उभी असते, त्यामुळे चढण्यास तुलनेने अधिक वेळ मिळतो. हातकणंगले, जयसिंगपूर यांसारख्या मधल्या स्थानकांवर तो अवधी नसतो. मनुष्यबळ आधीच कमी असलेल्या लहान स्थानकांवर स्टेशन मास्तर गाडीच्या संचलनात गुंतलेला असतो. त्याच वेळी प्रवाशाला मदत करणे त्याला शक्य नसते.

कायदा व न्यायनिर्णय

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संहितेस भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थन दिले. तिच्या अनुच्छेद ९ मध्ये सुगम्यतेचा भाग म्हणून मार्गदर्शक, वाचक व सांकेतिक भाषेचे दुभाषे अशा मानवी साहाय्याचा उल्लेख आहे. म्हणजे उतार व उद्वाहन यांबरोबर माणसाची मदत हाही सुगम्यतेचा घटक ठरतो. २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४१ वाहतूक व्यवस्था सुगम्य करण्याची जबाबदारी शासनावर टाकते. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानात रेल्वे स्थानकांचा समावेश आहे.

राजीव रतुरी वि. भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला. सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा असू नयेत, असे सांगून न्यायालयाने बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवण्याचा आदेश दिला. रेल्वे केंद्र शासनाच्या अखत्यारीत असल्याने तिच्याविषयीच्या तक्रारी दिल्लीतील मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे करता येतात. तात्काळ मदतीसाठी १३९ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

इतर देशांतील अनुभव

इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांनी ५ जुलै २०२३ रोजी बहुसंख्य तिकीट कार्यालये बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. कर्मचारी खिडकीमागून फलाटावर आणले जातील, असा त्यांचा युक्तिवाद होता. दिव्यांगांच्या संघटना व कामगार संघटनांनी विरोध केला आणि जनसुनावणीत सुमारे साडेसात लाख प्रतिसाद आले. प्रवासी हिताच्या दोन्ही अधिकृत संस्थांनी आक्षेप घेतल्यानंतर ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी हा प्रस्ताव मागे घेण्यात आला. जपानमध्ये कर्मचारीविरहित स्थानकांची संख्या वाढल्यावर २०२० मध्ये ओइता येथील चाकाची खुर्ची वापरणाऱ्या प्रवाशांनी क्युशू रेल्वे कंपनीविरुद्ध दावा दाखल केला.

युक्तिवाद

कपातीच्या बाजूने वेतन व निवृत्तिवेतनाचा वाढता भार, खिडकीवरील घटलेली विक्री आणि वाचलेला पैसा उद्वाहने व सरकत्या जिन्यांवर खर्च करण्याची शक्यता हे मुद्दे मांडले जातात. तंत्रज्ञानाने अनेक दिव्यांगांचे परावलंबन कमी केले, हेही खरे आहे. घरबसल्या तिकीट मिळाल्याने रांगेत उभे राहण्याचा त्रास टळतो.

विरोधी मतानुसार तिकीट मिळणे हा प्रवासाचा आरंभ आहे, प्रवास नव्हे. उद्वाहन बंद पडते, फलाट बदलतो, गाडी चुकते. अशा वेळी निर्णय घेऊ शकणारी व मदत करू शकणारी व्यक्ती लागते. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेखाली ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. पुनर्विकासातून सुगम्य इमारती उभ्या राहतात. त्या इमारतींत कर्मचारी किती असावेत, याचे बंधनकारक मानक सुगम्यतेच्या नियमांत असावे, ही या मताची मुख्य मागणी आहे.