दोन कॅसेटवालं आन्सरिंग मशीन

मी राहतो महादेवपुऱ्यात. जवळच दूरवाणीनगर आहे. 1948 साली सुरू झालेल्या आयटीआयच्या टेलिफोन कारखान्यावरून पडलेलं नाव. चकती फिरवायचे ते जुने फोन इथे बनायचे. आज त्या फोनला जोडायच्या एका पेटीबद्दल बोलू.

1994 साली ती आमच्या पुण्याच्या घरी होती. मी फील्ड पोस्टिंगवर, बायको नोकरीला, दिवसभर घराला कुलूप.

फोन वाजतो तेव्हा एक्स्चेंज तारेवर सुमारे 75 व्होल्टची एसी वीज पाठवतं. मशीन त्यावरून घंटा मोजतं. चार झाल्या की आतला रिले सर्किट पूर्ण करतो. एक्स्चेंजला वाटतं, कुणी रिसीव्हर उचलला. मग पहिली कॅसेट फिरते. तिच्यातली टेप म्हणजे न संपणारं वेटोळं, जोडावर धातूची पट्टी. ती पट्टी संपर्काला लागली की मशीनला कळतं, मालकाचं बोलणं संपलं. मग बीप वाजतो, आणि त्यानंतरच दुसरी कॅसेट रेकॉर्ड करू लागते.

इथेच आमची आई फसली. साताऱ्याहून एसटीडी बूथवरून तिने फोन लावला, माझा आवाज ऐकला आणि समजली, पोरगा रजेवर आलाय! भडाभडा सगळं बोलली. बीपनंतर टेपवर आलं ते एवढंच: "बरं, ठेवते. जेवत जा वेळेवर." पुढे मी विचारलं तर म्हणाली, "सांगितलं की सगळं तुला!"

काही मशीनमध्ये एक सोय असे. नवा निरोप असला तर दुसऱ्याच घंटेला उचलायचं, नसला तर चौथ्या. बाहेरगावाहून आपण फोन करावा, तिसरी घंटा ऐकू आली की ठेवून द्यावा. एसटीडीचा पैसा लागत नसे. हे मी पुष्कळदा केलंय.

निरोप ऐकून झाले की टेप मागे जाते आणि नवे निरोप जुन्यांवरच चढतात. इरेज हेड आधी पुसतं, रेकॉर्ड हेड मागोमाग लिहितं. बायकोने तेवढ्यात ती कॅसेट काढून ठेवली. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज तेवढाच उरलाय.

तुमच्याकडे अशी कॅसेट असेल तर जुन्या मशीनमध्ये घालू नका. साध्या आकाराची असेल तर वरच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडा, साध्या टेपरेकॉर्डरवर लावा आणि पहिल्याच फेरीत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.