मनाचे औषध आणि ओठांवरची सूज

घरात कोणाला मधुमेह झाला, तर त्याची वार्ता पेढीवरील मुनीमजींपासून परगावच्या मामांपर्यंत सर्वांना असते. मनाचा आजार मात्र बहुधा दोघातिघांतच राहतो. गोळ्यांची पाकिटे कपाटाच्या आतल्या कप्प्यात जातात आणि कोणी विचारलेच, तर ‘झोपेची गोळी आहे’ असे उत्तर मिळते. या गुप्ततेमागे मुलामुलींच्या सोयरिकीची चिंता असते, पेढीच्या पतीची काळजी असते. ती समजण्यासारखी आहे. परंतु या औषधांचा एक दुष्परिणाम असा आहे, की त्या प्रसंगी ही गुप्तता जिवावर बेतू शकते. तो म्हणजे ओठ, पापण्या, जीभ किंवा घसा यांवर अचानक येणारी ॲलर्जीची सूज.

स्किझोफ्रेनिया, उन्माद यांसारख्या आजारांत जी औषधे देतात, त्यांना वैद्यकात अँटिसायकोटिक म्हणतात. १९५२ साली पॅरिसमधील एका मनोरुग्णालयात झाँ दले आणि पिएर दनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध रुग्णांना दिले आणि तेथून या उपचारांचे नवे युग सुरू झाले. पुढे रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन अशी अनेक औषधे आली. त्यांच्या आधाराने कित्येक माणसे पुन्हा शिक्षणात, संसारात आणि व्यवसायात उभी राहिली. वजन वाढणे, रक्तातील साखर वाढणे, सुस्ती, हातापायांचा ताठरपणा हे त्यांचे परिचित दुष्परिणाम होत. ॲलर्जीची सूज त्या मानाने दुर्मीळ आहे. तरीही रिस्पेरिडोन, ओलान्झापिन यांच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख आढळतो. असेनापिन या जिभेखाली ठेवण्याच्या गोळीसंबंधी तर अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०११ साली स्वतंत्र इशारा दिला होता. त्या वेळी तिच्याकडे तीव्र ॲलर्जीच्या ५२ घटनांची नोंद झाली होती आणि त्यांतील काही रुग्णांना पहिल्याच मात्रेनंतर त्रास झाला होता.

सूज कशी ओळखावी?

या सुजेला अँजिओएडिमा असे नाव आहे. जर्मन वैद्य हाइनरिश क्विंके यांनी १८८२ साली तिचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तिला क्विंकेची सूज असेही म्हणतात. ॲलर्जी झाली की शरीरातील विशिष्ट पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. तो त्वचेच्या वरच्या थरात साचला तर अंगावर गांधी उठतात, खोल थरात साचला तर ओठ व पापण्या फुगतात. ही सूज काही मिनिटांत ते काही तासांत वाढते, बहुधा दोन्ही बाजूंना सारखी नसते आणि बोटाने दाबली तरी खळगा पडत नाही. ती पहिल्या गोळीनंतर येऊ शकते, तशीच काही आठवड्यांनी किंवा मात्रा वाढविल्यावरही येऊ शकते.

प्रत्येक सूज ही नव्हे. याच औषधांनी काहींच्या पावलांवर हळूहळू सूज येते; ती डॉक्टरांना दाखवावी, परंतु तिचे स्वरूप निराळे आहे. वजन वाढल्याने चेहरा भरतो, तोही महिनोन्‌महिने. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने कधी जबडा आवळतो, मान एका बाजूस वळते, जीभ जड होते. हा स्नायूंचा दोष असून त्याचा उपचार वेगळा आहे. उलट, रक्तदाबासाठी घेतलेली रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल ही औषधे ओठांवर व जिभेवर अगदी अशीच सूज आणू शकतात. मात्र तिच्यामागे हिस्टामिन नसते, त्यामुळे ॲलर्जीची नेहमीची औषधे तिच्यावर फारशी चालत नाहीत. वेदनाशामक गोळ्यांनीही काहींना सूज येते. ज्येष्ठांच्या डब्यात या सर्व गोळ्या एकत्र असतात. म्हणून कारण कोणते, हे घरी बसून ठरविता येत नाही.

वेळ कशी साधावी?

अंगावर पित्त उठले म्हणून आमसुलाचे पाणी लावण्याची रीत महाराष्ट्रातील बहुतेक घरांना ठाऊक आहे. साध्या गांधींना तिने बरे वाटत असेल. पण ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना, श्वासाला आवाज येऊ लागला किंवा चक्कर आली, तर त्या उपायात दवडलेली दहा मिनिटेही महाग पडतात. अशा वेळी रुग्णाला बसते ठेवावे. चक्कर येत असेल तर आडवे करावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. तीव्र ॲलर्जीवर मांडीत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हा मुख्य उपचार असतो. घरातील सेटिरिझिनची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. सूज उतरली तरी काही तासांनी ती पुन्हा उसळू शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर तेथेच थांबावे. संशयित औषधाची पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

येथे दोन अडथळे कुटुंबाकडूनच निर्माण होतात. पहिला अविश्वासाचा. ‘घसा आवळतो आहे’ असे मनोरुग्णाने म्हटले, की ते त्याच्या मनाचे खेळ समजण्याची सवय घरच्यांना जडलेली असते. त्याचे म्हणणे खरे की भ्रम, याचा वाद न घालता आधी दिव्याच्या उजेडात त्याचे तोंड उघडून पाहावे. सूज दिसली नाही तरी श्वास घेणे वा गिळणे कठीण होत असेल, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवूनच निघावे.

दुसरा अडथळा लपवाछपवीचा. आपत्कालीन विभागातील डॉक्टर ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे विचारतात, तेव्हा सोबत आलेला शेजारी किंवा व्याही ऐकेल या संकोचाने ‘काही नाही’ असे उत्तर दिले जाते. मग कारण हाती लागत नाही आणि घरी परतल्यावर तीच गोळी पुन्हा दिली जाते. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आपल्या आजाराची व उपचाराची माहिती गोपनीय राहावी हा रुग्णाचा हक्क आहे. सोयरिकीत काय सांगावे हा प्रश्न वेगळा. रुग्णाच्या खाटेशेजारी मात्र उत्तर पूर्णच असावे.

त्यानंतर काय?

संकट टळल्यावर ‘ही औषधे विषच आहेत’ असा निष्कर्ष काढून सगळाच उपचार बंद करणे ही दुसरी मोठी हानी होय. औषध एकाएकी थांबल्यास आजार उलटण्याची भीती असते. एक औषध सोसले नाही, तर मनोविकारतज्ज्ञ दुसरे निवडू शकतात. मात्र त्यांना मूळ द्रव्याचे नाव ठाऊक हवे. बाजारात एकच द्रव्य अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळते. वेष्टन निराळे, माल तोच. रिस्पेरिडोनची ॲलर्जी झालेल्याला पॅलिपेरिडोनही देत नाहीत, कारण रिस्पेरिडोनपासून शरीरात तेच द्रव्य तयार होते. पंधरवड्याने किंवा महिन्याने घ्यावयाच्या इंजेक्शनांबाबत अधिक सावधगिरी लागते. एकदा टोचलेले औषध अनेक आठवडे शरीरात राहते, ते परत काढता येत नाही. म्हणूनच आधी गोळी सोसते का, हे पाहण्याची पद्धत आहे.

घडलेल्या प्रसंगाची नोंद केवळ घरापुरती राहू नये. देशात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही माहिती देऊ शकतात. अशा नोंदी साठत गेल्या, तरच दुर्मीळ धोके नजरेस येतात.

व्यापारी घराला हिशेब लिहिण्याची सवय असतेच. त्याच शिस्तीने एक लहानशी चिठ्ठी रुग्णाच्या पाकिटात आणि घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीजवळ असावी. चालू असलेल्या सर्व औषधांची मूळ नावे, मात्रा, पूर्वी न सोसलेले औषध आणि त्या वेळचा त्रास, तसेच डॉक्टरांचा दूरध्वनी, एवढे तीवर असले की पुरे. औषध बदलले, की त्याच दिवशी चिठ्ठीही बदलावी.