वेबसाइट नंतर, आधी हिशोब

अमरावतीच्या इर्विन चौकात १४ एप्रिलला, अकोल्यात धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या मेळाव्याला पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी उसळली की कोणीतरी म्हणतोच, "हीच पुस्तके आपण वेबसाइटवरून विकू." लगेच डोमेन घेतले जाते, लोगो निळा की पंचरंगी यावर आठवडाभर वाद होतो. वर्षभराने नूतनीकरणाचे पैसे भरायला मात्र कोणी पुढे येत नाही.

चुकते ते पहिल्याच पायरीवर. व्यवसायाची संकल्पना म्हणजे नाव आणि लोगो नव्हे. गिऱ्हाईक कोण, त्याची अडचण कोणती, तो पैसे कशाचे देणार आणि एका ऑर्डरमागे आपल्याकडे किती उरणार, हे कागदावर उतरवणे.

"आपला समाज" हे उत्तर चालणार नाही. स्टॉलवर येणाऱ्याची गरज तिथेच भागते. खरी अडचण दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडच्या खेड्यातल्या विहाराची आहे. जुलैत वर्षावासाला ग्रंथवाचन सुरू करायचे असते आणि तेव्हा स्टॉल कुठेच नसतो.

आता आकडे. समजा पुस्तक २०० रुपयांचे, प्रकाशक ४० टक्के सूट देतो, म्हणजे ८० रुपये सुटले. टपाल आणि पॅकिंग ५०, ऑनलाइन पेमेंटचे दोन टक्के म्हणजे ४. उरले २६. वेबसाइटचा वर्षाचा खर्च १२ हजार धरला, तर तो निघायलाच सुमारे ४६० ऑर्डर लागतील. तुमची मेहनत अजून धरलेलीच नाही. तेच तीन पुस्तकांचा ६०० रुपयांचा संच विकला, तर सूट २४०, टपाल ९०, पेमेंटचे १२, उरतात १३८. मग ८७ ऑर्डर पुरतात. म्हणजे पहिल्या पानावर पाचशे पुस्तकांची यादी नको, विहारासाठी आणि अभ्यासवर्गासाठी निवडलेले मोजके संच हवेत. डिझाइन करणाऱ्याला काय सांगायचे ते या हिशोबातून ठरते.

पैशाचा विषय काढला की काही कार्यकर्ते नाराज होतात. चळवळीत धंदा कशाला, असे विचारतात. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत पत्र बंद पडले. १९२७ साली सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' १९२९ मध्ये थांबले. त्या काळी समाजाच्या हातात पैसाच नव्हता, जाहिरातीही फारशा मिळत नव्हत्या. आज आपल्यात नोकरदार आहेत, गावोगावी विहार आहेत. तरीही हिशोब न करता बंद पडलो, तर दोष परिस्थितीला देता येणार नाही.

तपासायला वेबसाइट लागतही नाही. तीन पुस्तकांच्या संचाचा फोटो काढा, किंमत लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पैसे यूपीआयने थेट बँक खात्यात घ्या, त्यावर कमिशन लागत नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या तीस विहारांना स्वतः फोन करा. "छान आहे, करा भाऊ" हे उत्तर वहीत धरू नका. आगाऊ रक्कम आली तेवढीच धरा. तिसांपैकी दोघांनीच पैसे पाठवले, तर बाकीच्या अठ्ठावीस जणांना कारण विचारा. कोणी म्हणेल पुस्तके आहेत, वाचून समजावणारा माणूस नाही. मग विकायची वस्तू पुस्तक नाही, वर्ग आहे. वेबसाइट त्या वर्गाची करावी लागेल.