टोल रोजचा, मोबदला एकदाचा

लासलगावात कांद्याचा लिलाव आटोपला की पहिली विचारणा भावाची आणि दुसरी भाड्याची. भाव आपल्या हातात नसतो, भाड्यात थोडंफार इकडचं तिकडे करता येतं. त्यामुळे कसाऱ्याचा घाट आमच्याकडे कायम हिशेबाचाच विषय राहिला. घाटात कंटेनर आडवा झाला की गाडी तासन्‌तास उभी, आणि पावसाळी दमटपणात खालच्या गोण्यांना पाणी सुटायला लागतं.

5 जून 2025 ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्याने तो घाट चुकवता आला. त्या वर्षीच्या दराने दोन ॲक्सलच्या ट्रकला किलोमीटरमागे 6.97 रुपये टोल, म्हणजे या टप्प्याचे साधारण 530 रुपये. फास्टॅगचा मेसेज आला की ड्रायव्हर आकडा वाचतो, वाचलेलं डिझेल आठवतो आणि गप्प बसतो. परवडतं.

हा महामार्ग तानसा, कारंजा-सोहोळ आणि काटेपूर्णा या अभयारण्यांच्या परिसरातून जातो. मग जंगलाच्या वहीत काय जमा झालं?

2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं: वनजमीन वळवायची तर हेक्टरी 4.38 ते 10.43 लाख रुपये निव्वळ वर्तमान मूल्य भरायचं, अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. 2022 मध्ये मूळ दर वाढले. भरपाई वनीकरण निधीचा (कॅम्पा) कायदा 2018 मध्ये अमलात आल्यापासून यातले 90 टक्के राज्याच्या निधीत जातात. पण हे पैसे एकदाच येतात, आणि ते त्याच जंगलावर खर्चावेत असं बंधन नाही. जुन्या दराने अभयारण्यातल्या एका हेक्टरचे जास्तीत जास्त 52 लाख. आमच्या 530 रुपयांनी भागलं तर दहा हजार ट्रकसुद्धा लागत नाहीत. तुलना तिरकी आहे, कबूल. टोल सगळ्या टप्प्याचा आणि हेक्टर एकच. पण ट्रक उद्याही जाणार आहेत.

रस्त्याच्या खर्चातच जनावरांची सोय धरली, तिथे मात्र काम दिसतं. पेंचजवळ नागपूर-जबलपूर रस्त्याखाली नऊ मार्ग ठेवले, सर्वांत लांब 750 मीटरचा. 2019 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत वाघासह अठरा जातींचे वन्यप्राणी टिपले गेले. समृद्धीवरही असे पूल आहेत. त्यातल्याच एकाच्या कमानीला नागपूरजवळ बांधकाम चालू असताना अपघात झाला आणि महामार्गाचं मे 2022 चं उद्घाटन लांबलं. जनावरांच्या पुलाने मंत्र्यांचा मुहूर्त चुकवला, असं तेव्हा आम्ही हसून म्हणायचो.

अभयारण्यातली वाहतूक बघायला आम्हाला समृद्धीवर जायला नको. आमच्या निफाड तालुक्यातलं नांदूरमधमेश्वर 1986 पासून अभयारण्य आहे, सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं, आणि 2020 मध्ये जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ. गावं, ऊस आणि गावरस्ते त्याच्या हद्दीतच. चापडगावच्या फाटकावर दुर्बीण गळ्यात घातलेला पाहुणा तिकीट फाडतो. मागच्या रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत जातो, त्याच्यामागे कांद्याची पिकअप. त्यांना कुणी थांबवत नाही.