महानगरीय व जिल्हास्तरीय विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे सामाजिक जीवन : सोलापूरच्या संदर्भात

विद्यापीठाचे गाव लहान असले की विद्यार्थ्यांचे परस्परसंबंध आपोआप घनिष्ठ होतात, असा समज आढळतो. सोलापूरच्या बाबतीत तो तपासून पाहणे आवश्यक ठरते. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेले व २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते आहे. तत्पूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. विद्यापीठाचा परिसर शहराच्या गजबजाटापासून दूर, पुणे महामार्गावरील केगाव येथे आहे. खेड्यातून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस एस.टी.च्या वेळापत्रकाने बांधला जातो. मुंबईत तेच काम लोकल करते. मात्र तेथे गाडी चुकली तर पुढची लगेच मिळते.

पुण्याचे चित्र वेगळे आहे. तेथे बाहेरगावचा विद्यार्थी बहुधा शहरातच राहतो. खाणावळ, अभ्यासिका व वसतिगृह यांतून वर्गाबाहेरचा स्नेह जुळतो. म्हणजे शहराच्या आकारमानापेक्षा निवासाची सोय अधिक निर्णायक ठरते. सोलापूर जिल्ह्यात याची झळ मुलींना विशेष बसते. युवा महोत्सवाची तालीम सायंकाळी ठेवली की गावाकडची शेवटची गाडी गाठण्यासाठी त्यांना ती अर्ध्यावर सोडावी लागते, आणि पुढच्या वर्षी त्या नावच देत नाहीत.