चौसष्ट क्लिप्स, तीन ग्रुप: फील्ड व्हिडिओचं कलर करेक्शन

येवल्याहून पैठणी विणकरांचं रेकॉर्डिंग करून परतले तेव्हा माझ्याकडे ६४ क्लिप्स होत्या. एकेक उघडायची आणि 'बरी दिसेपर्यंत' रंग हलवायचे, असं पाच दिवस केलं. मग कच्चा व्हिडिओ एका विणकर काकांना दाखवला. ते म्हणाले, "ताई, रेशीम एकाच लडीतलं आहे. मग इथं मोरपंखी आणि तिथं निळं कसं?"

माझा प्रबंध रंगनिवडीवर आहे. म्हणजे मी वेळ तर घालवलाच, वर पुरावाही बिघडवला.

चूक काय झाली? आपली नजर समोरच्या रंगाला पटकन सरावते. त्यामुळे ६४ वेळा स्वतंत्रपणे घेतलेले निर्णय एकमेकांशी जुळणं अवघडच. उपाय सोपा आहे: बिघाडाचं कारण जिथे समान, तिथे दुरुस्तीही एकच.

मी क्लिप्स पुन्हा लावल्या, त्या प्रकाशानुसार. खिडकीजवळचा माग २९, ट्यूबलाइटखालचा माग २४, अंगण ११. प्रत्येक जागी सुरुवातीला ग्रे कार्ड धरून शूट केलं होतं, पण नंतर ते वापरायचंच विसरले होते!

मी दाविंची रिझॉल्व्ह वापरते. कलर पेजवर एका प्रकाशातल्या सगळ्या क्लिप्स निवडा, राइट क्लिक करा आणि नवीन ग्रुप बनवा. आता नोड्सच्या खिडकीत चार पातळ्या दिसतील: ग्रुप प्री-क्लिप, क्लिप, ग्रुप पोस्ट-क्लिप आणि टाइमलाइन. कार्ड असलेल्या क्लिपवर जा, प्री-क्लिप निवडा आणि व्हाइट बॅलन्सच्या पिकरने राखाडी भागावर क्लिक करा. मग परेड स्कोप बघा. कार्डाच्या जागी लाल, हिरवा, निळा हे तिन्ही पट्टे एका उंचीवर आले पाहिजेत. ही दुरुस्ती ग्रुपमधल्या सगळ्या क्लिप्सना आपोआप लागते. ढग आल्यामुळे एखादी क्लिप काळवंडली असेल, तर तेवढा फरक 'क्लिप' पातळीवर करा. पोस्ट-क्लिप मी रिकामी ठेवली. 'सिनेमॅटिक लूक' संशोधनाला नको.

इथे एक फरक लक्षात घ्या. ग्रेड कॉपी करून पेस्ट केला तर प्रत्येक क्लिपला वेगळी प्रत मिळते. मूळ बदललं तरी प्रती तशाच राहतात. ग्रुपमध्ये मात्र एका जागी बदल केला की सगळीकडे होतो. थिसिसमध्ये प्रत्येक शीर्षक हाताने ठळक करणं आणि 'स्टाईल' लावणं, यात जो फरक आहे, तोच हा. प्रीमियर वापरणाऱ्यांनी एका प्रकाशातल्या क्लिप्स टाइमलाइनवर सलग ठेवून त्यांच्यावर एक अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकावा. कामचलाऊ तोच परिणाम मिळतो.

पण याने सगळं सुटत नाही. तीन क्लिप्समध्ये कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला होता. शॉट चालू असतानाच रंग सरकत होता. त्यांना एक दुरुस्ती पुरत नाही. त्या मी मुलाखतीसाठी ठेवल्या, रंगाच्या विश्लेषणातून काढल्या. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकाच फ्रेममध्ये असतील, तरी हीच अडचण येते.

तर फील्डवर जाण्याआधी एवढं करा: व्हाइट बॅलन्स लॉक करा, जागा किंवा प्रकाश बदलला की ग्रे कार्ड पुन्हा धरा आणि वहीत त्याची नोंद ठेवा. मूळ फाइल्सना हात लावू नका. संशोधनपद्धतीच्या प्रकरणात कोणतं सॉफ्टवेअर, किती ग्रुप, काय दुरुस्त केलं आणि काय वगळलं, हे चार ओळींत लिहा. परीक्षक विचारोत न विचारोत, ते लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसऱ्यांदा हे सगळं काम एका संध्याकाळीत झालं. काकांना पुन्हा दाखवलं. या वेळी ते रंगांबद्दल काहीच बोलले नाहीत, थेट नक्षीवर बोलायला लागले.